हेल्मेट नेमकं कुठं टोचतंय? माप, डोक्याचा आकार आणि गालाच्या गाद्या

शिवाजीपेठकर

राम राम मंडळी. रोजची फेरी शिवाजी पेठ ते कागल एमआयडीसी, जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. निम्मं गावातलं, निम्मं महामार्गावरचं. फुल फेसच घ्यायचंय, त्यावर वाद नको. चष्मा आहे, आणि पावसाळ्यातही गाडीच. अडचण अशी की एम साइज घातली की कपाळ आवळतंय, आणि एल घातली की मान वळवल्यावर हेल्मेट मागनं येतंय. दुकानात "एलच घ्या, मोकळं बसतंय" म्हणतायत. मोकळं म्हणजे आरामशीर का? की एम घेऊन सैल व्हायची वाट बघायची? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

सायलेन्सर

मोकळं बसतंय म्हणजे बसतच नाहीये, भावा.

नवी कोल्हापुरी चावते आणि काही दिवसांत पायाला येते. हेल्मेटच्या बाबतीत हे निम्मंच खरं. आतलं कापड आणि त्याखालचा स्पंज वापरून दबतो, पण त्यामागचं थर्माकोल दबत नाही. त्यामुळं नव्या हेल्मेटचा गालांवरचा दाब चालतो, नव्हे हवाच. कपाळावर एका जागी टोचणं मात्र महिन्यानंही तसंच राहतं. हे दोन दाब वेगळे ओळखता आले की निम्मं काम झालं.

आधी माप घ्या. शिंप्याची कापडी टेप आणा, मिस्त्रीची लोखंडी नको. भुवयांच्या वर दोन-अडीच सेंटिमीटर, कानांच्या वरून आणि मागं डोकं जिथं सगळ्यात फुगीर आहे तिथून टेप फिरवा. मागच्या बाजूला ती मानेकडं घसरली की आकडा कमी येतो, आणि सेंटिमीटरभरात साइज बदलते. तीनदा मापा, सगळ्यात मोठा आकडा धरा. केस रोज जसे असतात तसेच ठेवा.

हेल्मेटवर बहुधा आकडा मिलिमीटरमध्ये असतो: ५६०, ५८०, ६००, ६२०. साधारणपणे एम म्हणजे ५७-५८ सेंटिमीटर, एल म्हणजे ५९-६०. पण एका कंपनीचं एम दुसरीच्या एलएवढं निघतं. म्हणून अक्षर बघू नका, आकडा बघा.

आता घालून बघताना. दोन्ही पट्टे हातानं बाहेरच्या बाजूला ताणून धरा आणि पुढून मागं घाला. जाताना घट्टच गेलं पाहिजे. कान दुमडले तर आत बोट घालून सरळ करा. मग आरशात बघा: गाल जरासे वर आलेले दिसतील, बोलताना गालाची आतली बाजू दाढेला लागेल. घाबरू नका, ते बरोबर आहे. हनुवटीपुढचा भाग धरून हेल्मेट डावी-उजवीकडं हलवा. कपाळाची आणि गालाची कातडी हेल्मेटबरोबर हलली तर माप ठीक. कातडी जागेवर आणि हेल्मेट तिच्यावरून सरकतंय, तर मोठं आहे. कपाळ आणि अस्तर यांच्यात बोट सहज जात असेल तरीही मोठंच.

यानंतरची परीक्षा कुणी करत नाही, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. पट्टा नीट लावा, मान थोडी खाली करा, आणि सोबतच्या माणसाला हेल्मेटची मागची खालची कड धरून वर आणि पुढं ढकलायला सांगा. हेल्मेट डोळ्यांवरून पुढं निघून आलं तर ते फुकट दिलं तरी घेऊ नका.

शेवटी वीस मिनिटं घालून बसा. पाच नव्हे, वीस. काढल्या काढल्या आरसा बघा. कपाळभर एकसारखा फिकट लालसरपणा असेल तर हरकत नाही. नाण्याएवढा गडद डाग किंवा रेघ उमटली असेल तर ते हेल्मेट तुमचं नाही. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे, चहा सांगा.

करूळ_घाट

वरच्या सगळ्याला अनुमोदन. एक भर घालतो, कारण धागाकर्त्याची तक्रार मला साइजची वाटतच नाही.

घेर सारखा असला तरी डोक्याचा आकार वेगवेगळा असतो. वरून बघितलं तर काहींचं गोलसर असतं, बहुतेकांचं मध्यम लांबट, काहींचं चांगलंच लांबट. लांबट डोकं गोलसर हेल्मेटमध्ये गेलं की कपाळ आणि मागची बाजू आवळते, कानशिलाशी मात्र पोकळी राहते. गोलसर डोकं लांबट हेल्मेटमध्ये गेलं की उलटं: कानशिलं चेपतात आणि कपाळाशी जागा उरते. दोन्ही वेळा माणूस "लहान होतंय" म्हणतो आणि एक साइज वाढवतो. मग टोचायचं थांबतं आणि हलायला सुरुवात होते. तुमचं नेमकं हेच झालेलं दिसतंय.

घरीच मापायचं असेल तर भिंतीला पाठ लावून उभे राहा, डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकवा, कपाळावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला समांतर धरा आणि दुसऱ्याला भिंत ते पुस्तक अंतर मोजू द्या. ही लांबी. मग कानांच्या वर दोन्ही बाजूंनी दोन पुस्तकं उभी धरून त्यांच्यामधलं अंतर घ्या. ही रुंदी. दोन्ही आकडे इथं टाका.

तांबडा_पांढरा

एवढं कशाला मर्दा! एम घ्यायचं, अस्तर काढायचं, कपाळापाशी जिथं टोचतंय तिथं थर्माकोल चमच्याच्या पाठीनं दाबायचं. दोन मिलिमीटर दाबलं की काम होतंय. परदेशातले लोकही करतात, व्हिडिओ आहेत की.

फाउंड्रीवाला

चमचा मिसळीत बरा. 😄

थर्माकोल म्हणजे काय ते आपल्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या पोरांना सांगायला नको, थर्माकोलच्या पॅटर्नवर ओतकाम करणाऱ्यांना घनतेचा अर्थ कळतो. टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलपेक्षा हेल्मेटमधलं बरंच दाट असतं, आणि चांगल्या हेल्मेटमध्ये कपाळाला, माथ्याला, मागं वेगवेगळ्या घनतेचं वापरतात. डोकं आपटलं की ते चिरडलं जातं. चिरडायला जो क्षणाचा काही भाग लागतो तेवढाच डोक्याला थांबायला मिळालेला जास्तीचा वेळ. संरक्षण म्हणतात ते एवढंच. एकदा दाबलेले मणी परत फुगत नाहीत. म्हणजे चमच्यानं दाबलं ती जागा अपघाताआधीच वापरून झाली, आणि तीही कपाळावर.

तासणं, कानस मारणं, ड्रायरनं तापवणं, सगळं याच सदरात. काम करायचं तर स्पंजावर करा, थर्माकोलला हात लावू नका.

आणखी एक. एमआयडीसीत पिवळी टोपी घालून मोटारसायकलवर येणारे रोज दिसतात. ती आयएस २९२५ ची, वरून वस्तू पडली तर त्यासाठीची. दुचाकीच्या हेल्मेटचा मानक क्रमांक आयएस ४१५१. आयएसआयच्या खुणेवर हाच आकडा पाहिजे आणि खाली सीएम/एल लिहून परवाना क्रमांक. तो क्रमांक मोबाइलवर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का बंद ते दिसतं. १ जून २०२१ पासून आयएसआय खूण नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे, तरी महामार्गाच्या कडेला दोरीवर लटकलेली टोपडी संपलेली नाहीत. त्यावरही आयएसआयचा स्टिकर असतो बरं का. म्हणून क्रमांक तपासा.

सायलेन्सर

@तांबडा_पांढरा, दाबायची गरज भासतेय म्हणजे मॉडेल चुकलंय. त्याच पैशात दुसरं मिळतं, मग आहे ते बिघडवायचं कशाला?

तांबडा_पांढरा

बरं बाबा, चमचा मागं घेतला. पण मग ईसीई, डॉट हे सगळं काय असतंय? तिथं तर दुप्पट पैसे सांगतात.

करूळ_घाट

थोडक्यात: ईसीई हे युरोपातलं मानक. २२.०५ ही जुनी आवृत्ती, २२.०६ नवी. नवीत कमी आणि जास्त अशा वेगवेगळ्या वेगांवर आणि जास्त जागी आपटून बघतात, शिवाय तिरक्या आघातानं डोकं किती पिळवटतं तेही मोजतात. डॉट अमेरिकेचं, त्यात कंपनी स्वतःच प्रमाणपत्र देते, सरकार नंतर बाजारातून नमुने उचलून तपासतं. म्हणून नुसत्या डॉटच्या स्टिकरला मी फार भाव देत नाही. भारतात विकायचं तर आयएसआय लागतंच; ईसीई २२.०६ सोबत असेल आणि खिशाला परवडत असेल तर घ्या. पण डोक्यावर सैल फिरणारं ईसीई हेल्मेट आणि घट्ट बसलेलं साधं आयएसआय हेल्मेट यातलं मी दुसरं उचलीन.

वेणीफणी

बाईमाणसाचं कुणी बोलत नाही म्हणून मी लिहिते.

माप घेताना केस ज्या पद्धतीनं बांधून गाडी चालवणार तसेच बांधा. अंबाडा किंवा उंच पोनीटेल असेल तर हेल्मेट मागून वर उचललं जातं आणि पुढून भुवयांवर येतं. मग दिसत नाही म्हणून ते मागं ढकलायचं, आणि कपाळ उघडं. वेणी मानेपाशी सैल घाला, हेल्मेटच्या मागच्या कडेखालून बाहेर येऊ दे. मोठा क्लिप तर नकोच, आपटल्यावर तोच डोक्यात रुततो.

स्कार्फ. आपल्याकडं उन्हाळ्यात सगळ्याजणी तोंडाला बांधतात आणि वरून हेल्मेट. जाड स्कार्फच्या दोन घड्या म्हणजे चारही बाजूंनी काही मिलिमीटर वाढले. त्यावर बसतं म्हणून मोठं हेल्मेट घेतलं की स्कार्फ नसलेल्या दिवशी ते खुळखुळ्यासारखं वाजतं. शिवाय कापड गुळगुळीत असेल तर हेल्मेट त्याच्यावरून सरकतं. पातळ सुती कानटोपी घ्या, एका थराची, शिवण माथ्यावर न येणारी. घाम तीच पिते, अस्तर कमी धुवावं लागतं. स्कार्फच हवा असेल तर गाठ मागं डोक्याच्या फुगवट्यावर येऊ देऊ नका, मानेवर खाली घ्या. ती गाठ अर्ध्या तासात डोकं उठवते आणि दोष हेल्मेटला जातो.

मागं बसणाऱ्यांनाही हेल्मेट लागतं. "मला काय कुठं लांब जायचंय" म्हणून नवऱ्याचं जुनं एक्सएल डोक्यावर ठेवून पट्टा हातात धरलेल्या कितीजणी दाखवू? कायद्यातही, मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये, पट्ट्यानं घट्ट बांधलेलं हेल्मेटच धरलंय.

सायलेन्सर

ताई, गाठीचा मुद्दा एकदम बरोबर. फेटा-पटक्यावर हेल्मेट बसवू बघणाऱ्या काकांनाही कुणीतरी वाचून दाखवा.

तेरावी_गल्ली

चष्म्याबद्दल.

हेल्मेट आधी, चष्मा नंतर. काढताना चष्मा आधी. हे पाळलं नाही तर महिन्याभरात काड्या वाकतात.

काड्या सरळ आणि पातळ असल्या पाहिजेत. कानामागं एकदम वळणाऱ्या आणि रुंद प्लास्टिकच्या काड्या आत जात नाहीत, गेल्या तर कानाच्या वरच्या हाडावर दाबतात. काही हेल्मेटच्या गालाच्या गाद्यांना चष्म्यासाठी खाच असते. गादी बाहेर काढून बघा, कानाच्या वरच्या बाजूला स्पंज आडवा कापलेला किंवा मऊ ठेवलेला दिसेल. खाच नसेल तरी चालतं, पण चष्मा घालूनच वीस मिनिटं बसा. बिनचष्म्याचं ट्रायल घेऊन घरी आलेल्यांच्याच तक्रारी जास्त असतात.

चष्मा नाकावरून वर उचलला जात असेल तर गालाच्या गाद्या फार जाड आहेत. चष्मा तिरका बसत असेल तर एका बाजूची गादी नीट दाबून बसलेली नाही. गादी अडकवणारी बटणं परत दाबा, तीन असतील तर तिन्ही टक् वाजली पाहिजेत.

आतल्या काळ्या काचेचं हेल्मेट घेणार असाल तर ती खाली ओढून चष्म्याला किंवा नाकाला लागते का बघा.

शिवाजीपेठकर

सगळ्यांचे आभार. भिंत-पुस्तक करून मापलं. घेर ५७.८, लांबी २०.४, रुंदी १५.६ सेंटिमीटर. एम परत वीस मिनिटं घालून बसलो, चष्म्यासकट. भुवयांच्या वर साधारण तीन बोटांवर आडवी लाल रेघ, मधोमध जास्त गडद. कानशिलाशी करंगळी आत जाते. गाल व्यवस्थित चेपलेले.

करूळ_घाट

चांगलं लांबट डोकं आहे तुमचं, लांबी-रुंदीत जवळजवळ पाच सेंटिमीटरचा फरक. घेर एमचाच. म्हणजे एल हा तुमचा साइज नाहीच, तुम्हाला एमच हवं, पण लांबट साच्याचं. दुकानात "लांबट साचा कुठला" असं विचारून उपयोग नाही, खोक्यावर ते क्वचितच लिहिलेलं असतं. दोन-तीन कंपन्यांची एम शेजारी ठेवा आणि उलटी करून आत बघा. कुठलं आतून जास्त लंबगोल आहे ते डोळ्यांनाही कळतं. एकाच कंपनीत मॉडेलप्रमाणं साचा बदलतो, तेव्हा कंपनीच्या नावावर फुली मारू नका. स्टड्स, एसएमके, वेगा, स्टीलबर्ड, ॲक्सॉर, एमटी, एलएस२, जे जे काउंटरवर असेल ते घालून बघा. महाग म्हणजे तुमच्या डोक्याचं असं काही नसतं.

हवा तसा साचा मिळालाच नाही तर दुसरा मार्ग: एल घ्यायचं आणि बाजू भरून काढायच्या. काही मॉडेलना गालाच्या गाद्या वेगवेगळ्या जाडीच्या सुट्या मिळतात, आणि माथ्याचं अस्तरही साइजप्रमाणं वेगळं असतं. एलच्या कवचात एमचं माथ्याचं अस्तर बसतं का ते विचारा. दोन साइजचं बाहेरचं कवच आणि थर्माकोल एकच असेल आणि फरक फक्त स्पंजाचा असेल तर बसतं. हे केल्यावर मागून ढकलायची परीक्षा परत घ्यायची. त्यात नापास झालं तर विषय संपला. घरचा स्पंज कापून डिंकानं चिकटवायचा नाही. डिंकातलं द्रावण थर्माकोल खातं.

फाउंड्रीवाला

एक गोष्ट राहिली. तुमची रेघ *आडवी* आहे आणि तीन बोटं वर आहे. थर्माकोल टोचलं तर सहसा पसरट डाग उठतो. बारीक आडवी रेघ म्हटल्यावर मला अस्तराच्या पुढच्या कडेचा संशय येतो. माथ्याचं अस्तर कपाळापाशी एका प्लास्टिकच्या पट्टीनं अडकवलेलं असतं, ती पट्टी कवच आणि थर्माकोलच्या फटीत खोचायची असते. पट्टी अर्धवट खोचलेली असली की अस्तर मागं ओढलं जातं आणि त्याची जाड शिवण कपाळावर येते. अस्तर काढा, थर्माकोलवरून बोट फिरवा. तिथं उंचवटा लागला तर साच्याचा दोष. थर्माकोल सपाट आणि शिवण टणक, तर अस्तराचा.

आणि हेल्मेट घालताना ते थोडं मागं तर बसवत नाही ना? बरोबर बसलेल्या हेल्मेटची कपाळाची कड भुवयांच्या वर बोटभरच असते. तुमची रेघ तीन बोटांवर म्हणजे हेल्मेट बहुधा मागं कललंय, आणि त्या उताराच्या जागी कुठलंही हेल्मेट टोचेल. पुढून नीट खाली ओढून घाला.

सायलेन्सर

वा! हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

रेनकोट

पावसाळ्याचं कोण सांगणार? जूनपासून आपल्याकडं काच बाहेरून नव्हे, आतून त्रास देते. गगनबावड्याला किंवा आंबा घाटात गेलात तर ढगच आत येतो.

श्वासाची वाफ गार काचेवर बसते. उपाय स्वस्तातून महागाकडं: नाकापुढची रबरी अडवणी बसवून घ्या, कितीतरी हेल्मेटबरोबर ती खोक्यातच पडून राहते. हनुवटीची हवा यायची झडप उघडी ठेवा. सिग्नलला काच एक खाच वर. आतून द्रव साबणाचा अगदी पातळ हात मारून सुती कापडानं चकचकीत होईपर्यंत पुसलं की एक-दोन दिवस निभतं. जाड राहिला तर रात्री समोरच्या दिव्यांचे फटाके फुटतात.

खरा उपाय पिनलॉक. म्हणजे काचेच्या आत बसणारी दुसरी पातळ काच, कडेनं सिलिकॉनची वळकटी, दोन काचांमध्ये हवा कोंडलेली. त्यासाठी मूळ काचेला दोन पिना असाव्या लागतात. खरेदीच्या वेळीच बघा. बसवताना मूळ काच हेल्मेटवरून उतरवायची, थोडी सपाट वाकवायची, पिनलॉक एका पिनेत अडकवून दुसरीत सोडायचं. वळकटी सगळीकडून टेकली पाहिजे. दोन काचांच्या मध्ये वाफ दिसली तर कुठंतरी फट आहे: पिना मध्यापासून जरा सरकवलेल्या असतात, त्या किंचित फिरवल्या की ताण वाढतो. शेवटी संरक्षक पापुद्रा काढायला विसरू नका, बरेच जण धूसर दिसतंय म्हणून तो न काढताच परत करायला येतात. पिनलॉकवर साबण, स्पिरिट काही नाही. ओल्या मऊ कापडानं नुसतं टिपायचं.

रात्री आणि पावसात पांढरीच काच. गळिताच्या हंगामात तर नक्कीच. बिनदिव्यांची उसाची ट्रॉली काळ्या काचेतून दिसतच नाही.

भिजलेलं हेल्मेट: गाद्या काढा, दाबून पाणी काढा, पिळू नका. पंख्याखाली सुकवा. आत वर्तमानपत्राचे बोळे. चुलीपाशी, गॅसजवळ, गरम सायलेन्सरवर नको, थर्माकोल आकसतं. गालाच्या गाद्यांचा एक जादा जोड घेऊन ठेवलात तर जुलै-ऑगस्ट सुखात जातो. धुवायला लहान बाळाचा शाम्पू आणि कोमट पाणी.

तेरावी_गल्ली

काच धुण्याबद्दल: चिलटं चिकटली की ओलं फडकं दहा मिनिटं नुसतं ठेवायचं, मग पुसायचं. कोरडं घासलं की ओरखडे. काचेच्या खिडक्या पुसायचा अमोनियावाला फवारा, टूथपेस्ट, पेट्रोल, थिनर यातलं काहीही नको. पेट्रोल लागलेल्या हातानं आत हात घालू नका. आणि हेल्मेट आरशावर अडकवायची सवय सोडा; आरशाचं टोक रोज त्याच जागी थर्माकोलमध्ये खड्डा पाडतं, वरून कापड असल्यामुळं दिसत नाही.

तांबडा_पांढरा

आरशावर तर अख्खं कोल्हापूर अडकवतंय!

वेणीफणी

लहान मुलांचं विचारायचं होतं. सहा वर्षांचा मुलगा, डोक्याचा घेर ५१. दोन वर्षं चालेल असं मोठं घ्यावं का?

सायलेन्सर

नको, ताई. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतात, हेल्मेट नाही. ५१ चं घ्या, आणि त्याच्यावरही आयएस ४१५१ ची खूण बघा. खेळण्यातली आणि सायकलची हेल्मेटं सरसकट त्याच काउंटरवर ठेवलेली असतात. वजन हातात घेऊन बघा, पोराच्या मानेला झेपलं पाहिजे. दर सहा महिन्यांनी टेप फिरवा. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतंच, आणि नऊ महिने ते चार वर्षं या वयासाठी फेब्रुवारी २०२३ पासून हेल्मेटबरोबर मोठ्या माणसाला बांधायचा पट्टाही लागतो, गाडी ताशी ४० च्या आत.

करूळ_घाट

पट्ट्याचं आलंच आहे तर. तीन प्रकार: दोन कड्यांचा, दातेरी पट्टीचा, आणि बटण दाबून सुटणारा.

दोन कड्यांत पट्टा दोन्ही कड्यांतून घालून बाहेरच्या कडीवरून वळवून आतल्या कडीतून परत आणायचा. टोकाचं बटण म्हणजे कुलूप नव्हे, ते फक्त फडफड थांबवायला. दातेरी पट्टी रोजच्या वापराला सोपी. निदान तीन-चार दाते अडकले पाहिजेत, एकाच दात्यावर लागत असेल तर पट्ट्याची लांबी कमी करा. चिखल आणि रेती दात्यात बसली की ते धरत नाहीत, पाण्यानं धुवा, तेल सोडू नका. बटणवाल्यात लांबी ठरवणारी कडी हळूहळू सरकते, म्हणून ते दर आठवड्याला तपासायचं. तिन्हीत कसोटी एकच: पट्टा आणि हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जावीत, आणि तोंड आ करून उघडलं की हेल्मेट माथ्यावर दाबलं गेलं पाहिजे.

शिवाजीपेठकर

दुकानात परत जाऊन आलो. फाउंड्रीवाले, तुमचा संशय खरा. अस्तराची पुढची पट्टी डाव्या बाजूला खोचलेलीच नव्हती, शिवण दुमडून कपाळावर येत होती. ती बसवली आणि हेल्मेट पुढून खाली ओढून घातलं, रेघ गेली. पण मधोमध रुपयाएवढा डाग वीस मिनिटांनी तरी आलाच. म्हणजे साचाही गोलसर होता. ते ठेवून दिलं. दुसऱ्या कंपनीची दोन एम घालून बघितली, दुसऱ्यात कपाळावर नुसता लालसरपणा, कानशिलं भरलेली, मागून ढकललं तर भुवयांपर्यंतच येतंय, पुढं नाही. पिना आहेत. परवाना क्रमांक ॲपवर चालू दाखवतोय. एकच शंका: गाल एवढे चेपतायत की बोलताना जीभ चावली जातेय. जाडी कमी असलेल्या गाद्या लगेच मागवू का?

सायलेन्सर

लगेच नको. महिनाभर रोज वापरा, स्पंज दबेल. तेवढ्यातही जीभ सुटली नाही तर आहे त्यापेक्षा पाच मिलिमीटरनं पातळ गाद्यांचा जोड घ्या, आणि बसवल्यावर मागून परत ढकलून बघा. तोवर सिग्नलला फोनवर बोलू नका म्हणजे झालं.

तांबडा_पांढरा

कुठलं घेतलं ते सांगा की! माझंबी डोकं लांबट निघालंय, २०.१ बाय १५.५. दुपारीच भिंतीला पाठ लावून उभा होतो, घरचे हसत होते.